सोयरिकीत मामाचा आजार सांगावा का?

जास्वंद | रविवार, रात्री ९.४०

लिहू की नको, लिहू की नको, असं पंधरा दिवस चाललंय. आज लिहितेच.

माझ्या मुलीला स्थळ आलंय. मुलगा सांगलीचा, नोकरी चांगली, फोनवर बोलताना माणसं मोकळी वाटली. पुढच्या रविवारी ती मंडळी आमच्याकडं कोल्हापुरात पेठेत येणार आहेत. आईवडील गेल्यापासून माझा धाकटा भाऊ आमच्याच घरी असतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हे पाहुण्यांना सांगायचं का, यावरून घरात रोज रात्री जेवणं थंड होतात. मिस्टर म्हणतात, विचारलं तर सांगू. सासूबाई म्हणतात, त्याला दोन दिवस गारगोटीला पाठव, सगळं सुरळीत होईल. मुलगी ताट उचलून आत जाते.

थोडं मागचं सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही.

भाऊ तेव्हा २२ वर्षांचा, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. आधी झोप गेली. मग अंघोळ सुटली. मग म्हणाला, शेजारचा रेडिओ माझ्याबद्दल बोलतो. बाबांनी शेजाऱ्यांना हात जोडून रेडिओ बंद करायला लावला, तरी त्याला आवाज यायचेच. आईनं तिकटीवर उतारा ठेवला. कुणी करणी सांगितली, कुणी बाहेरचं सांगितलं. एका देवऋषानं त्याला ओल्या फोकानं मारलं. ते पाठीवरचे वळ मी माहेरी आले होते तेव्हा पाहिले, त्यावर हळद मी लावली. दर पौर्णिमेला आई त्याला घेऊन नरसोबाच्या वाडीला जायची. दत्ताच्या पायाशी बसून तिचं मन हलकं व्हायचं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सहा वर्षं त्याला डॉक्टर दाखवला नाही, हे मात्र आजही घशाखाली उतरत नाही.

का दाखवला नाही? तर माझ्या पाठच्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. "तिचं एकदा उरकू दे, मग बघू." तिचं उरकायला सहा वर्षं लागली.

त्यानंतर औषध सुरू झालं तेही मिरजेला, कारण इथं कुणीतरी बघेल. आई गोळ्या पाकिटातून काढून च्यवनप्राशाच्या रिकाम्या बरणीत ठेवायची आणि पाकिटं बंबात जाळायची. त्या जळक्या चांदीचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. बरणीत दोन प्रकारच्या पांढऱ्या गोळ्या, आकारानं जवळजवळ सारख्या. एकदा त्यांची अदलाबदल झाली. भावाची मान एका बाजूला वळून घट्ट झाली, जबडा आखडला, डोळे वर गेले. आई ओरडली, "परत बाहेरचं आलं!" आणि लिंबू शोधायला धावली.

आज तो ४९ वर्षांचा आहे. रात्रीची एक गोळी घेतो, सकाळी लक्ष्मीपुरीत एका छापखान्यात बाइंडिंगला जातो, माझ्या मुलीला लहानपणी गणित त्यानं शिकवलं. आणि आता पुन्हा एका लग्नासाठी त्याला लपवायचं चाललंय.

काय करू?

---

करवीरकर | रविवार, रात्री १०.२५

ताई, वयानं मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. सांगू नका. निदान पहिल्या भेटीत तरी नाही. मी चाळीसभर सोयरिकी जुळवल्या असतील. पाहुणे म्हणजे चार माणसं नव्हेत, त्यांच्यामागं त्यांची भावकी असते. एका कानातून दुसऱ्या कानात जाताना "मामाला आजार आहे" याचं "घराण्यात वेड आहे" असं व्हायला दोन दिवस पुरतात. मग हे स्थळच काय, पुढची चार स्थळंही जातात. मामाला मधुमेह असता तर तुम्ही आधी सांगायला गेला असता का? मग हेच का सांगायचं? तुमच्या भावाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मुलीचा विचार आधी करा.

---

गूळपोळी | रविवार, रात्री ११.१०

काका, मी त्या "पहिल्या भेटीत नको" चं फळ आहे. पहिली भेट झाली, साखरपुडा झाला, याद्या झाल्या, हळद लागली आणि तरी ती योग्य वेळ काही आली नाही.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात माझे मिस्टर चार रात्री झोपले नाहीत. पहाटे तीनला उठून भिंतींना रंग द्यायला घेतला, कर्ज काढून दोन गाड्या बुक केल्या, मला म्हणाले आपण कारखाना काढतोय. मला वाटलं दारू. सासूबाईंनी देवघरातल्या कपाटातून गोळ्यांची पुडी काढली तेव्हा कळलं की बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार पडतं तो आजार, पाच वर्षांपासून आहे. लग्नाच्या गडबडीत कुणाला कळू नये म्हणून लिथियम त्यांनीच बंद करवलं होतं. म्हणजे ज्या गोळीनं माणूस स्थिर होता, ती लग्नासाठी काढून घेतली!

मी सोडून गेले नाही. सोडून जाणाऱ्यांना मी नावंही ठेवत नाही, कायद्यानं त्यांना तो रस्ता आहे. वकिलाकडं मीही जाऊन आले होते. त्यांनी १९८८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल समजावून सांगितला, की नुसतं आजाराचं नाव घटस्फोटाला पुरत नाही, आजार किती तीव्र आहे आणि सोबत राहणं शक्य आहे का ते बघतात. ते ऐकताना मला एकच वाटत होतं, मी या माणसाच्या आजारावर चिडलेच नव्हते. चिडले होते ती पुडी लपवणाऱ्या हातांवर.

आज अकरा वर्षं झाली. लिथियम चालू आहे, ठरावीक महिन्यांनी रक्ताची पातळी, किडनी आणि थायरॉइड तपासतो. झोप कमी व्हायला लागली की मी डॉक्टरांना फोन करते. हे मला लग्नाआधी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? माहीत नाही. पण विचारायला तर हवं होतं.

जास्वंदताई, तुमच्या बाबतीत आजार मुलीला नाही, तिच्या मामाला आहे. फरक मोठा आहे, मान्य. तरी सांगा.

---

निवडुंग | सोमवार, सकाळी ७.०५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, कोल्हापूर जिल्ह्यातच काम करतो.

आधी त्या वाकड्या मानेबद्दल. जास्वंदताई, ते बाहेरचं नव्हतं. भ्रम-भास कमी करणाऱ्या काही जुन्या गोळ्यांनी स्नायू आखडतात. तसं होऊ नये म्हणून सोबत दुसरी छोटी गोळी देतात. त्या दोन्हींची अदलाबदल झाली की पहिली जास्त जाते, दुसरी कमी, आणि नेमकं तुम्ही लिहिलंय तसं होतं. एका इंजेक्शननं ते थोड्याच वेळात सुटतं. गोळ्या पाकिटात राहिल्या असत्या तर झालंच नसतं. लपवालपवीनं आजार वाढतो असं आम्ही सांगतो तेव्हा लोकांना तो उपदेश वाटतो. पण ती बरणी बघा.

आता वारशाचं. पाहुणे हेच विचारणार. स्किझोफ्रेनिया साधारण १०० माणसांत एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर धोका ९-१० टक्क्यांपर्यंत जातो, मामा-काकाला असेल तर भाचरांत ३-४ टक्के. म्हणजे तुमच्या मुलीला हा आजार न होण्याची शक्यता ९६ टक्क्यांहून कमी नाही. शिवाय साधारण सोळा ते तीस या वयात तो बहुतेकांना सुरू होतो. तिचं वय आणि तब्येत बघता उरलेला धोका आणखी कमी होत जातो. इतक्या साध्या आकड्यांसाठी आपल्याकडं माणसं माडीवर कोंडली जातात.

उपचाराला उशीर झाला की औषधाला प्रतिसाद कमी मिळतो, हे जगभर दिसलेलं आहे. आणि उशीर हा फक्त तुमच्याच घरचा नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय पाहणी केली, तेव्हा दहा प्रौढांपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला, आणि त्या त्या आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. माझ्या ओपीडीत खेड्यातून येणारे निम्मे लोक आधी देवऋषाकडून आलेले असतात. मी त्यांना रागवत नाही. देवऋषी त्यांना "वेडा" म्हणत नाही, "बाहेरचं" म्हणतो. दोष बाहेरचा ठरतो, घराण्याचं नाव वाचतं. आम्ही डॉक्टर त्यांना असा शब्द अजून देऊ शकलेलो नाही.

मारहाण मात्र गुन्हा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्पष्ट येतं. साखळदंडाला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेली २८ माणसं पळताच न आल्यानं जळून गेली.

---

तालीमवाला | सोमवार, सकाळी ११.३०

ताई मी लई शिकलेला न्हाई. पण आमच्या तालमीतलं एक सांगतो.

आमचा एक जोडीदार, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, कुस्ती सुटली. पोरगं खोलीतनं बाहेरच येईना. जेवना, बोलना. आम्ही म्हणायचो खुराक कमी पडला, मेहनत कर, दोन दिवस घाम गाळ, बरा हुशील. मीच म्हणलोय, आता आठवलं की लाज वाटती. गड्याला कुठं असलं हुतंय, असं आमच्या डोक्यात फिट्ट बसल्यालं. एक दिवस त्यानं वस्तादांना सांगितलं, जगायचं न्हाई.

वस्तादांनी त्याला तसाच गाडीवर बसवला आणि डॉक्टरकडं नेला. तीन तास बाहेर बाकड्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी हौद्यात सगळ्यांपुढं बोलले, "ह्याचा गुडघा तुटला तवा तुम्ही दूध घेऊन गेला. आता मन तुटलंय. दूध घेऊन जावा." बास, एवढंच. औषधानं फरक पडायला महिना गेला. आम्ही पाळीपाळीनं त्याच्या खोलीवर झोपायला जायचो. आता ते पोरगं बारक्या पोरांना डाव शिकवतंय.

ताई, वस्तादांनी लपीवलं असतं तर आम्ही चेष्टाच करीत बसलो असतो.

---

जुनाराजवाडा | सोमवार, दुपारी ४.१५

धाग्याला थोडा फाटा फोडतो, पण विषय आपल्याच गावचा आहे.

आपले चौथे शिवाजी महाराज. १८७१ मध्ये लहान वयात कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. पुढं इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय अवघं २० वर्षं. महाराजांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून दिवाण बर्वे यांनी केलेल्या खटल्यात टिळक-आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराज गेल्यावर पुढच्या वर्षी, मार्च १८८४ मध्ये, शाहू महाराज दत्तक आले. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

मी गेली वीस वर्षं या विषयावरच्या गप्पा ऐकतोय. प्रत्येक जण त्वेषानं एकच गोष्ट सिद्ध करत असतो: महाराज वेडे नव्हतेच, ते कारस्थान होतं. कारस्थानाचा संशय मलाही आहे. पण हा धागा वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं, समजा ते खरंच आजारी असते तर? मग तो एकांतवास, तो पहारा, ती झटापट योग्य ठरली असती का? वीस वर्षांच्या आजारी मुलाला आणखी मायेनं सांभाळायला नको होतं का? आपण महाराजांवरचा शिक्का पुसायला बघतो, शिक्का मारायची पद्धत मात्र तशीच चालू ठेवतो. त्या काळी नगरचा किल्ला होता, आता घरची माडी आहे.

---

पॅटर्नशॉप | सोमवार, रात्री ९.५०

सगळं वाचलं. मी उद्यमनगरात काम करतो, मला स्वतःला स्किझोफ्रेनिया आहे, नऊ वर्षं औषधावर आहे. ही गोष्ट मी इथं पहिल्यांदा लिहितोय.

इथं सांगावं की न सांगावं यावर सगळे बोलले. मुलीचा विचार झाला, पाहुण्यांचा झाला, भावकीचा झाला. जास्वंदताई, तुमच्या भावाला कुणी विचारलं का?

आजार त्याचा आहे. तो कुणाला सांगायचा हे त्यानं ठरवायचं. २०१७ च्या कायद्यातही आजाराची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क रुग्णाला आहे, काही अपवाद सोडले तर डॉक्टरसुद्धा त्याला न विचारता कुणाला सांगू शकत नाही. लपवणारे आमच्यावर जबरदस्ती करतात हे बरोबर. पण "आम्ही मोकळेपणानं सगळ्यांना सांगतो" म्हणणारेसुद्धा कधीकधी आम्हाला विचारत नाहीत. माझ्या चुलत्यांनी चांगल्या हेतूनं कारखान्यात मालकाला सांगितलं. मालक भला माणूस. त्यानं माझ्याकडून लेथ काढून घेतलं आणि मला झाडूकामाला लावलं, जपायला म्हणून. लेथ परत मिळवायला मला दोन वर्षं लागली.

आवाज मला अजून कधीकधी येतात. बारीक, लांबून आल्यासारखे. मला कळतं की हे ते आहेत. मी काम करत राहतो. पण मी खोलीत आलो की माणसं बोलायची थांबतात, ती शांतता मला आवाजांपेक्षा जास्त त्रास देते.

---

करवीरकर | मंगळवार, सकाळी ८.२०

पॅटर्नशॉप, तुम्ही लिहिलंत ते रात्री दोनदा वाचलं.

माझी थोरली आत्या आमच्या वाड्यात मागच्या सोप्यात असायची. ताट आत सरकवायचं आणि कडी लावायची, हे काम माझ्याकडं होतं. मी आठ वर्षांचा. तिचं नाव आमच्या वंशावळीत नाही, ती वंशावळ मी स्वतः छापून घेतली आहे.

लग्न जुळवताना मी जे शिकलो ते खोटं नाही, लोक तसेच वागतात. पहिल्याच भेटीत सगळं सांगण्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. पण त्याला गारगोटीला पाठवू नका, ताई.

---

नवीपालवी | मंगळवार, दुपारी १.४०

मी इथं फक्त वाचत असते. माझा मुलगा बारावीला आहे. दोन महिन्यांपासून रात्री झोपत नाही, जेवण खोलीत मागतो, मोबाइलवर टेप चिकटवून ठेवलाय, म्हणतो त्यातून बघतात. नातेवाईक म्हणतात अभ्यासाचा ताण आहे. मिस्टर म्हणतात परीक्षा होऊन जाऊ दे. कुठं जायचं तेही कळत नाही.

---

निवडुंग | मंगळवार, दुपारी ३.००

नवीपालवी, परीक्षेची वाट बघू नका. या आठवड्यातच दाखवा. ताण असेल तर तेही कळेल, दुसरं काही असेल तर लवकर कळेल. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि त्या ओपीडीत जायचं, कुणाची चिठ्ठी लागत नाही. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ वर फोन करा. तो सरकारचा टेलिमानस क्रमांक, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलतात. मुलगा जिवाचं काही बोलला तर त्याला एकटं ठेवू नका, सरळ दवाखान्यात आणा. पोलिस केसच्या भीतीनं थांबू नका, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नव्हे तर मदत द्यायची, असं आता कायदाच सांगतो.

त्याच्याशी मोबाइलवरून वाद घालू नका. "कुणी बघत नाही" हे त्याला पटणार नाही. "तुला झोप नाही, भीती वाटते, त्यासाठी जाऊ" एवढं म्हणा.

---

जास्वंद | पुढच्या सोमवारी, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

पॅटर्नशॉप, तुमचा प्रश्न वाचून मी खरंच दचकले. २७ वर्षांत आम्ही त्याला एकदाही विचारलं नव्हतं. बुधवारी तो घरी बसून वह्यांना दोरा घालत होता. मी शेजारी बसले आणि विचारलं. त्यानं सुई थांबवली नाही. म्हणाला, "आक्का, ताईच्या वेळेला मला माडीवर ठेवलं होतं. खालून कांदापोह्यांचा वास येत होता. मला वाटलं पाहुणे गेले की कुणीतरी बशी घेऊन येईल." थोड्या वेळानं म्हणाला, "कुणी आलं नाही."

ती बशी आम्ही विसरलो होतो. मी तेव्हा त्याच घरात होते, पोहे मीच केले होते.

मग म्हणाला, "तुम्ही सांगा त्यांना. फोनवर सांगा, ते यायच्या आधी. मी असताना माझ्यासमोर नको. आणि मी घरात थांबणार."

मिस्टरांनी गुरुवारी मुलाच्या वडिलांना फोन केला. आजाराचं नाव सांगितलं, औषध सांगितलं, निवडुंग यांनी दिलेले आकडे कागदावर लिहून समोर ठेवले होते. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, घरी बोलून कळवतो. शनिवारी निरोप आला, या रविवारी जमणार नाही, नंतर बघू. करवीरकरकाका, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं बहुतेक. सासूबाई दोन दिवस बोलत नाहीयेत. मुलगी म्हणाली, "नंतर आले तर मामाच्या हातचे पोहे देऊ, नाही आले तर आपण खाऊ." काल सकाळी तिनं आणि त्यानं मिळून केले. मीठ जास्त झालं होतं, सगळ्यांनी खाल्ले.

बरणी मी फेकली. पाकिटं आता फडताळात वर ठेवलीत, माझ्या बीपीच्या गोळ्यांशेजारी.

नवीपालवी, मी तुम्हाला निरोप पाठवलाय, बघा. आमच्याकडंही झोपेपासूनच सुरू झालं होतं. गुरुवारी मी मोकळी आहे. सीपीआरला गर्दी असते, केसपेपरच्या रांगेत सकाळी लवकर उभं राहावं लागतं. तुम्ही मुलाला घेऊन सावकाश या, रांगेत मी थांबते. भाऊ म्हणतोय तोही येईल.